पाटातला फेस

आमच्या आणि शेजारच्या काकींच्या परसदारामधून एक अरुंद पाट जातो. पूर्वी रहाटाचे पाणी त्यातून माडा-पोफळींना जात असे. आता विहिरीवर पंप आहे, पण आमच्या धुण्याच्या दगडावरचे पाणी आजही त्याच पाटाने आधी आमच्या केळींना आणि मग काकींच्या बाजूला जाते. २०२० सालच्या जून महिन्यात, निसर्ग चक्रीवादळाला पाच दिवस झालेले असताना, मी त्या दगडावर उशांचे अभ्रे धूत बसले होते. वादळात कौले उडाल्यामुळे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण भिजले होते आणि त्याला कुबट वास येऊ लागला होता. मी हात सैल सोडून साबण लावला, अभ्रे आपटले, पिळले. पांढरा फेस पाटात उतरला, मोडून पडलेल्या पोफळींच्या पानांत क्षणभर अडकला आणि हळूहळू काकींच्या बाजूला सरकला. काकी पलीकडे तीन दगडांच्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी फेसाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काहीही न बोलता त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर चाळलेल्या राखेने भरलेली एक करवंटी आणि सुंभाने बांधलेली नारळाची तीन सोडणे ठेवलेली होती.

तो साबण मी काकींकडूनच दोन दिवसांपूर्वी आणला होता.

दापोलीच्या किनाऱ्यावरच्या माणसांना त्या दिवसांविषयी मी नवे काही सांगायला नको. ३ जूनच्या दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनकडे जमिनीवर चढलेल्या त्या वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता, आणि खाडीच्या अलीकडे असूनही आमच्या वाडीत उभे आगर म्हणावे असे काही उरले नाही. माझ्या लक्षात राहिला आहे तो वास. हिरवे लाकूड एकाच वेळी सगळीकडे चिरले गेल्यावर येणारा तो कच्चा, तुरट वास पुढे कित्येक दिवस हवेत होता. रस्ते झाडांखाली होते, वीज गेली होती ती महिनाभर यायची नव्हती, आणि टाळेबंदी तर मार्चपासूनच होती. मी, आई आणि माझा सहा वर्षांचा मुलगा गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी म्हणून गावी आलो होतो, ते तिथेच राहिलो होतो. वाडीतल्या एकुलत्या एका दुकानाचे पत्रे उडाले होते आणि आतल्या खोक्यांतले साबण पावसाने भिजून, एकमेकांत मिसळून, त्यांचा निळा-गुलाबी लगदा झाला होता. आधी मेणबत्त्या संपल्या, मग काड्यापेट्या, मग मीठ. साबणाचे संपणे सावकाश असते. वडीची चकती होते, चकतीची पापडी होते, आणि एके दिवशी ती पापडी मोरीच्या भोकातून निसटून जाते. आईने शेवटच्या तीन-चार पापड्या एकत्र दाबून त्यांची एक गोळी केली होती. तीही वटपौर्णिमेच्या दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी मी काकींकडे मीठ मागायला गेले आणि बोलता बोलता साबणाचे म्हणाले. त्या उठल्या, आतल्या फडताळात बराच वेळ काही शोधत राहिल्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कोरी वडी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "घे गो बाय, हातांना हो. घरात पोर लहान आहे, दिवस रोगाचे आहेत."

मी त्यातले फक्त 'घे' ऐकले.

राखेची करवंटी पाहून मला आनंदच झाला होता, हे कबूल केले पाहिजे. शाळेत असताना सुटीत आजीला राखेने भांडी घासताना पाहिले होते, आणि ते दृश्य मनात कुठेतरी ऊबदार होऊन बसले होते. मी करवंटी घेऊन आनंदाने तव्यावर पाणी ओतू लागले, तेव्हा पाटापलीकडून काकी आल्या आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "आधी पाणी लावलंस तर तेल पसरतं. राख कोरडी घाल. तिला तेल पिऊ दे." त्यांनी कोरडी राख तव्यावर भुरभुरवली, तळव्याने फिरवली, आणि तेलकट करडा थर जमल्यावर तो झटकून टाकला. मग सोडण दगडावर ठेचले, त्याचे तंतू मोकळे केले, भिजवले, पुन्हा राखेत बुडवले आणि कडेकडेने गोल घासायला सुरुवात केली. त्या घासण्यात घाई नव्हती आणि जोरही नव्हता. तवा विसळल्यावर त्यांनी माझे बोट त्यावरून फिरवले. बोट अडखळत गेले, म्हणजे तेल सुटले होते. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर मात्र बुळबुळीतपणा होता, साबण लावल्यावर असतो तसाच. तो साबणच होता. लाकडाच्या राखेत पोटॅश असते. ते पाण्यात विरघळले की खार तयार होतो, आणि खार व तेल एकत्र आले की साबण होतो. साबणाऐवजी राख, असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात राख भांड्यावरच्या तेलाचाच थोडासा साबण करते आणि त्याच साबणाने ते भांडे निघते. नारळाच्या सोडणाच्या राखेत हे पोटॅश भरपूर असते. काकींना पोटॅश हा शब्द ठाऊक नव्हता, पण सोडणाची राख 'तिखट' आणि आंब्याच्या लाकडाची 'मऊ', हे त्या चिमटीत धरूनच सांगत.

त्या आठवड्यात अख्खी वाडी मोडलेले लाकूड जाळत होती. त्यात आंबा-फणस होते, तसे घरांचे वासे, रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकटी आणि प्लायवुडही होते. काकींनी दोन चुली वेगळ्या मांडल्या होत्या. रंगाचे लाकूड फक्त आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाई, आणि तिथली राख भांड्यांना तर नाहीच, पण झाडांनाही घालायची नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. रंगात काय काय असते ते माणसाला कळत नाही, एवढेच कारण त्या देत, आणि ते पुरेसे होते. भांड्यांच्या चुलीतली राख गार झाल्यावर जुन्या पंच्यातून चाळायची, कारण कोळशाचा एखादा खडा राहिला तर स्टीलवर ओरखडा उमटतो. चाळलेली राख डब्यात भरून, डबा चुलीवर टांगलेल्या फळीवर ठेवायचा, कारण पावसाळी हवेत राख पाणी ओढते आणि एकदा ओल धरली की तिचे गोळे होतात. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याला राख लावून ठेवायची नाही, खाराने जर्मन काळवंडते. हे सगळे त्यांनी मला कधी एका बैठकीत सांगितले नाही. मी चुकत गेले, तसे त्या सांगत गेल्या.

संध्याकाळी कंदील निघत असे. तो आजोबांच्या वेळचा कंदील आम्ही शोभेसाठी म्हणून पडवीत टांगला होता, आणि त्याची काच वादळात फुटली नाही याचे मला अजूनही नवल वाटते. कॅनच्या तळाशी राहिलेल्या रॉकेलवर तो रोज दोन तास जळे आणि सकाळी काचेच्या गळ्याशी काजळीचे काळे कडे दिसे. ही काच धुवायची नाही, हे आईला आठवत होते. ओल राहिली आणि तशीच पेटवली तर काच तडकते. अगदी बारीक राख, पिठासारखी, सुक्या फडक्यावर घ्यायची, डाव्या हाताचा पंजा काचेत घालायचा आणि उजव्या हाताने बाहेरून आधार देत काच फिरवायची. माझा हात मनगटापाशी अडकत असे. मुलाचा हात मात्र सहज आत जाई, म्हणून ते काम त्याच्याकडे गेले. तो पायरीवर मांडी घालून बसे, जीभ दातांत धरून काच फिरवी, आणि मधूनच ती आकाशाकडे धरून कुठे डाग राहिला आहे का ते पाही. आई त्याच्याकडे बघत एकदा मला म्हणाली, "तुझे बाबा असेच करायचे." तिला तिच्या लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवला असावा. मी त्यापुढे विचारले नाही. काच स्वच्छ असली की त्याच वातीचा उजेड किती वाढतो, हे विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या माणसाला सांगून पटत नाही.

तांब्याच्या हंड्याची गोष्ट मला अधिक काळजीपूर्वक लिहायला हवी, कारण तिथे माझ्या हातून नुकसान झाले. हंडा बाहेरून चॉकलेटी-काळा पडला होता. काकींच्या दारातले बिंबलीचे झाड वाऱ्याने आडवे केले होते आणि त्याखाली पिवळ्या-हिरव्या बिंबलांचा सडा पडला होता. एक बिंबल मधोमध कापायचे, मिठात बुडवायचे आणि हंड्यावर घासायचे. फळ जिथून जाते तिथे तांबे असे उघडे पडते की जणू कोणी पडदा बाजूला केला. काळेपणा म्हणजे हवेने तांब्यावर चढवलेला थर; आंबट पदार्थातले आम्ल तो विरघळवते. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते लोखंडाच्या गंजालाही पुरून उरते, म्हणून विळीच्या पात्यालाही बिंबल चालते. चिंच, कोकमाची सोले, आगळाच्या बरणीतला तळाचा गाळ, यांपैकी जे हाताशी असेल ते तांब्या-पितळेला चालते. घासून झाल्यावर हंडा भरपूर पाण्याने धुवायचा आणि मग शेवटचा हात राखेचा द्यायचा, म्हणजे राहिलेला आंबटपणा मरतो आणि हंडा लगेच हिरवा पडत नाही. मात्र आंबट आणि राख एकत्र कालवायची नाहीत. एक दुसऱ्याला मारते आणि हातात नुसते पाणी उरते. आज फोनवर येणाऱ्या घरगुती उपायांत खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करून फसफसणारा फेस दाखवतात, तेव्हा मला काकींचे हे वाक्य आठवते. तो फसफसाट दिसायला जोरकस असतो, पण फसफसून झाल्यावर खारही निघून गेलेला असतो आणि आम्लही.

हंडा निघाला, तसा माझा उत्साह वाढला आणि मी आजीचे पितळी पातेले काढले. बाहेरून झाल्यावर त्याच बिंबलाने आणि मिठाने ते आतूनही खसाखसा घासले. आत कल्हई होती. कथलाचा तो पातळ, चंदेरी थर आधीच झिजत आलेला होता. माझ्या घासण्याने बुडाशी पितळ पिवळे उघडे पडले. काकींनी पातेले उजेडाकडे धरून पाहिले. त्या रागावल्या नाहीत. "यात आता आमटी करू नको. कळकेल," एवढेच म्हणाल्या. पूर्वी नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला दारावर येत असे, भाता लावून निखारे फुलवत असे, आणि तापलेल्या भांड्यात कापसाचा बोळा फिरवला की पांढरा धूर उठून आत चांदणे पडत असे. आता तो आमच्याकडे येत नाही. ते पातेले अजून माझ्याकडे आहे, पण मी त्यात धान्य ठेवते.

कपड्यांचे काम सर्वांत जड होते. काकी एका जुन्या टोपलीत फडके अंथरून त्यावर राख घालत आणि वरून कढत पाणी ओतत. खाली थेंब थेंब पिवळसर पाणी जमे. ते बोटाला लागले की बोट बुळबुळीत होई, इतका त्यात खार असे. चादरी, पंचे, आईची सुती पातळे त्या पाण्यात भिजत घालायची आणि मग दगडावर आपटायची. सूत खार सोसते. रेशीम आणि लोकर सोसत नाहीत, कारण ती जनावराच्या अंगची असतात आणि खार त्यांना खातो. आईची ट्रंक भिजली होती आणि तिच्या लग्नातल्या शालूवर आतल्या गंजाचे पाणी उतरले होते. तो राखेच्या पाण्यात घालायला निघालेल्या मला काकींनी मनगट धरून थांबवले, आणि त्यांच्या घरातून रिठे आले. रिठ्याचे काळे, टणक बी काढून टाकायचे, साल रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून कुस्करायची आणि गाळून घ्यायची. जे पाणी मिळते ते मधाच्या रंगाचे असते, त्याला काहीसा आंबूस, ओल्या पानांचा वास येतो आणि ढवळले की भांडेभर फेस चढतो. शालूचा डाग सगळा गेला नाही. पण रेशमाची मऊ सळसळ परत आली, आणि सावलीत वाळत घातलेल्या त्या शालूखाली आई बराच वेळ नुसती बसून होती. रिठ्याचा आणखी एक गुण किनाऱ्यावरच्या माणसांना जवळचा आहे. आमच्याकडे समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्याअखेर मचूळ होतात आणि त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातले क्षार साबणाला धरतात आणि त्याची चिकट साय भांड्याच्या कडेला बसते. रिठ्याचा फेस त्या पाण्यातही टिकतो. तरीही उरलेले पाणी काकींनी मला पऱ्यात ओतू दिले नाही. "मासे मरतात गो," त्या म्हणाल्या. झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, असा माझा जो एक भाबडा समज होता, तो तिथे संपला. ते पाणी आम्ही आगरात, माडाच्या बुंध्यापासून दूर, जिरवले.

आणि जिथे पर्याय चालत नाही, ती जागाही मी त्याच दिवसांत पाहिली. विहिरीत पाने, फांद्या, एक मेलेला कावळा, असे सगळे पडले होते आणि पाण्याला चहासारखा रंग आला होता. उपसा झाल्यावर गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घेऊन आल्या. ती बादलीत कालवून, निवळी विहिरीत सोडून निदान अर्धा तास थांबायचे, हे त्यांनी प्रत्येक घरी सांगितले. कडुनिंबाचा पाला, तुरटी, तुळस, असे पर्याय कोणी कोणी सुचवले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण जंतू मारायला हीच पावडर लागते. उरलेली पावडर मी मोरीत टाकणार होते आणि त्याच मोरीत बिंबलाचे पाणी ओतणार होते, म्हणजे शेवाळही जाईल असा माझा हिशेब होता. आशाताईंनी ते ऐकले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. या पावडरीवर आंबट काही पडले की विषारी वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो माणसाला पुरतो. मी बिंबलाची वाटी तशीच बाहेर नेऊन ठेवली. शेवाळ आम्ही खराट्याने घासून काढले.

हातांचेही तसेच होते. राखेने हात घासता येतात, साबण नसेल तेव्हा तेही बरे. पण त्या वर्षी सगळे जग ज्या रोगाला घाबरून होते, त्याच्यासाठी साबणच हवा होता. काकींनी हे माझ्या आधी ओळखले होते. भांडी राखेवर निभतील, कपडे खारावर निभतील, रेशीम रिठ्यावर निभेल, आणि उरलेली एक वडी हातांसाठी राहील, असा त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. त्या वडीने मी उशांचे अभ्रे धुतले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वीज आली. फोन चालू झाल्यावर मी मैत्रिणींना राखेवर एक लांबलचक मजकूर लिहिला. आपण काय काय विसरलो आहोत, किती कमी गोष्टींत घर स्वच्छ राहते, असे त्यात होते. मी तो कौतुकाने काकींना वाचून दाखवला. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत जुन्या भेगांचे पांढरे वण होते. "साबण आला ना बाय, तेव्हा आमचे हात सुटले," त्या म्हणाल्या. "पावसात राखेनं बेचक्या फुटायच्या. रात्री कोकमाचं तेल चुलीवर पातळ करून त्यात भरायचं आणि सकाळी पुन्हा राख." लग्न होऊन आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपल्या हक्काचा साबण पाहिला. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते. गणपतीला येताना ५०१ चे लांब बार आणत, सासूबाई ते दोऱ्याने कापून तुकडे करत आणि पेटीत कुलपात ठेवत. साबणाचा वास पेटीतल्या लुगड्यांना लागे, आणि तो वास म्हणजे माणूस मुंबईहून घरी आला आहे, असे त्यांना वाटे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, ते मी राखेविषयी बोलताना कधी पाहिले नव्हते. मी तो मजकूर पाठवला होता, तो परत घेता आला नाही.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, मी निघायची तयारी करत होते, तेव्हा काकींच्या सुनेने सहज बोलता बोलता उरलेली गोष्ट सांगितली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि काकींचे यजमान गावी परत आले, ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पैसे येणे थांबले तसा साबणही थांबला. दोन लहान मुले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि धुणे तर दुप्पट. काकींनी ते सगळे राखेवर काढले. धाकट्याला खरूज झाली तेव्हा डॉक्टरांनी साबण लावून आंघोळ घालायला सांगितले, आणि घरात साबण नव्हता. त्यांनी तीन घरी विचारले. तिसऱ्या घरातून एक तुकडा मिळाला. ते घर कोणाचे ते सुनेला माहीत नव्हते. त्यानंतर हातात पैसे आले, तेव्हापासून काकींच्या फडताळात एक कोरी वडी नेहमी असते. जुनी झाली, वास उडाला की ती वापरायला काढतात आणि जागी दुसरी ठेवतात. "ती वडी त्यांनी तुम्हाला दिली, तेव्हा मलाच धस्स झालं," सून म्हणाली. "मी म्हटलं, आई, अर्धी तरी ठेवा. तर म्हणाल्या, साबण अर्धा देऊ नये."

मी काकींना त्याबद्दल काही बोलू शकले नाही. काय बोलायचे हे ठरवता ठरवता एसटी आली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली आणि ती मला सोडत नाही. मी शहरात राहते, ओट्यापाशी नळ आहे, भांड्यांना हिरवा द्रव आहे, कपड्यांना यंत्र आहे. रिठे मी अजूनही आणते, आईचा शालू वर्षातून एकदा त्यांतच निघतो, आणि तांब्याचा तांब्या आमसुलाने घासताना मला खरोखर आनंद होतो. मासळी केलेल्या दिवशी हातांना आणि सुरीला आमसूल चोळते. माशाचा वास खाराच्या जातीचा असतो आणि आंबटाने तो मोडतो, हेही मी तिकडेच शिकले. ही समज पुसली जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण ती नुसत्या पदार्थांची यादी नाही. कोणत्या जिनसेला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे एका बाईने बोटांनी ओळखून ठेवले आहे. पण त्या बोटांच्या बेचक्यांत वण आहेत, हे मी पाहिले आहे, आणि आता कोणी माझ्यासमोर राखेचे गुणगान करू लागले की मला ते वण दिसतात. मला दोन्ही एकाच वेळी वाटते. त्यांतले कोणते खरे म्हणून निवडावे, हे मला ठरवता आलेले नाही, आणि ठरवायचा प्रयत्नही मी आता करत नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेले, तेव्हा बारा वड्यांचा खोका घेऊन गेले होते. नव्याने लावलेल्या पोफळी आता पुरुषभर उंच झाल्या आहेत. काकींच्या घरात गॅस आहे, मोरीत भांड्यांचा साबण आहे, तरी पाण्याची चूल परसात पेटलेली होती आणि तिच्यावरच्या फळीवर राखेचा डबा होता. काकींना आता ऐकू कमी येते. त्यांनी खोका उघडला, एक वडी नाकाशी धरली, भाव विचारला आणि तो ऐकून मान हलवली. अकरा वड्या त्यांनी सुनेकडे दिल्या. बारावीसाठी त्यांनी वर्तमानपत्राचा कागद शोधला, वडी त्यात नीट चारही कडा दुमडून गुंडाळली आणि भिंतीला धरत फडताळाकडे गेल्या. मी पुढे होऊन फडताळाचे दार धरून उभी राहिले. आत एक गुंडाळलेली वडी होती. ती त्यांनी उचलली, वास घेतला, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही जुनी झाली. जा, हात धुऊन ये, पानं वाढते."